भट्टीजवळची जागा : आमची वाटचाल

ओतकाम कारखान्यांतील भट्टीचे तापमान आणि साच्याच्या वाळूतील ओलावा मोजून त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा आम्ही तयार करतो. सुरुवात पुण्यात, बाणेरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत झाली. आम्ही दोघे भागीदार तिथेच नोकरीला होतो आणि सॉफ्टवेअरचा व्यवसाय म्हणजे पुणे, यापलीकडे आम्हाला काही सुचलेच नव्हते.

पहिले सहाही ग्राहक मात्र कोल्हापूरचे मिळाले, चार शिरोली औद्योगिक वसाहतीतले आणि दोन गोकुळ शिरगावचे. रात्रीच्या विजेला दरात सवलत असल्याने त्यांच्या इंडक्शन भट्ट्या तेव्हा प्रामुख्याने रात्रीच चालत. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेल्या धातूच्या रसात बुडवायच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, जोडणी रात्री दोन वाजता बिघडली, तर सव्वादोनशे किलोमीटरवरून फोनवर दिलेल्या सूचनांचा फारसा उपयोग होत नाही आणि सकाळी रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या ओतीव नगांचा, ढीग मोजावा लागतो. अशाच एका रात्रीनंतर एका कारखानदारांनी शांतपणे सांगितले, "यंत्र चांगलं आहे तुमचं, पण तुम्ही लांब आहात."

आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात जागा घेतली. भाडे कमी होते, पण तो विचार दुय्यम होता. सेन्सरच्या आवरणाचे रेखाटन दुपारी शेजारच्या वर्कशॉपमध्ये दिले, की संध्याकाळी नग लेथवरून उतरलेला असे. ऑइल इंजिनांच्या कामावर घडलेल्या तिथल्या टर्नरांनी आमच्या रेखाटनातल्या चुकाही दाखवून दिल्या. त्याहून मोठा लाभ कारखान्यांत बसल्याने झाला. जुने मोल्डर, म्हणजे साचे घडवणारे कारागीर, वाळू मुठीत दाबतात, गोळा मोडून पाहतात आणि पाणी कमी की जास्त ते सांगतात. आमच्या प्रोग्रामर मुलींनी कित्येक पाळ्या त्यांच्याशेजारी उभे राहून त्या मुठीचा अंदाज आणि यंत्रातील आकडा यांची सांगड घातली. हे काम बाणेरहून झाले नसते, असे मी खात्रीने सांगतो.

माणसे टिकवणे मात्र आजही अवघड आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांतून हुशार मुले येतात, दोन वर्षांत शिकतात आणि पुण्याला किंवा बंगळूरला जातात. प्रत्येक वेळी वाईट वाटते. आईवडिलांसाठी परत आलेली मंडळी टिकतात, म्हणून आता आम्ही भरती करताना त्यांचाच आधी शोध घेतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रॅव्हल्सच्या बसने एका रात्रीत पोहोचतात.

सध्या बेळगावच्या ओतकाम कारखान्यांकडून विचारणा होत आहे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे, तरीही मागणी स्वीकारण्यापूर्वी आम्ही तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक खोली पाहून ठेवली आहे.