आईच्या हातात दिलेलं ते गार इंजेक्शन

परवा विश्रामबागला आईचा मेंदूचा एमआरआय केला. अर्ध्यात कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणून देतात ते इंजेक्शन दिलं, बाहेर आल्या आल्या आई म्हणाली, "हातातनं गार गार काय गेलं रं?"

ते गॅडोलिनियम, एक धातू. आणि भारी गोष्ट म्हणजे फोटोत ते स्वतः दिसतच नाही, दिसतं ते आपल्या अंगातलं पाणीच! पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन मशीनच्या चुंबकाच्या दिशेला झुकलेले असतात, रेडिओ लहरीचा धक्का बसला की कलंडतात आणि मग सावकाश मूळ जागेवर येतात, त्याला किती वेळ लागतो ते म्हणजे टी 1. गॅडोलिनियमच्या आयनात 7 इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, त्यांचं चुंबकत्व एवढं दांडगं की शेजारचं पाणी पटकन सावरतं, टी 1 घटतो आणि ती जागा पांढरी चमकते. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्या त्याला बाहेर सोडत नाहीत, गाठ किंवा सूज असली तर तिथं झिरपतं, म्हणून डॉक्टरांना नेमकी जागा कळते.

सुटं गॅडोलिनियम मात्र विषारी, त्यामुळं दुसऱ्या रेणूच्या पिंजऱ्यात घट्ट बांधूनच देतात, ते बहुतेक लघवीवाटे जातं, म्हणूनच आधी आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, केली होती.

हे सगळं तिला सांगितलं, ती कापसाचा बोळा दाबून धरत शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे पाणीच दिसलं म्हण की."