आठवड्याचे किलोमीटर वाढवताना

हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हा माझे धावणे आठवड्याला २० किलोमीटरच्या आसपास होते आणि ते ४० पर्यंत न्यायचे होते. नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर याबाबत कोणालाही विचारले, तरी उत्तर एकच मिळे: आठवड्याची बेरीज दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्याचा आधार तितका भक्कम नाही. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या हिशेबाने १३ आठवडे सावकाश वाढ करणारा गट आणि ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम पाळणारा गट, या दोन्हींत सुमारे पाचातल्या एकाला दुखापत झालीच. उलट २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात असे आढळले की, मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब रनपेक्षा एखादा रन दहा टक्क्यांहून अधिक लांबला, तर दुखापतीचा धोका वाढतो. आठवड्याच्या बेरजेतील वाढीशी तसा संबंध दिसला नाही.

हे वाचल्यावर मी वहीत बेरजेशेजारी महिन्यातील सर्वांत लांब रनचा वेगळा रकाना आखला आणि किलोमीटर वाढवण्यासाठी रन लांबवण्याऐवजी धावण्याचे दिवस वाढवले. तीनाचे चार, नंतर पाच दिवस झाले. नवा दिवस फक्त तीन-चार किलोमीटरचा आणि सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीचा ठेवला. रविवारचा लाँग रन मात्र किलोमीटरभरानेच पुढे सरकत असे. दिवाळीत गावी गेल्यामुळे खंड पडला, तेव्हा या रकान्याचा खरा उपयोग झाला, कारण परतल्यावर जुन्या आकड्यावरून नव्हे, तर कमी झालेल्या आकड्यावरून सुरुवात करायची हे त्यातून आपोआप ठरले.

नाशिकची हिवाळ्यातील सकाळ धावायला इतकी अनुकूल असते की, दम लागेनासा झाला म्हणजे शरीर तयार झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सरावतात, तर हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) यांना कित्येक महिने लागतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडे चढावर धावण्याचा सल्ला सढळ हाताने दिला जातो. पण लहानपणापासून डोंगरवाटांवर घडलेले पाय आणि कचेरीतील खुर्चीत घडलेले पाय यांत फरक आहे. म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या मी तूर्त वगळल्या. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना रस्त्याच्या उतरत्या कडेमुळे एकाच पायावर ताण येतो, त्यामुळे तो मार्ग आठवड्यातून एकदाच घेतला.

घरी जिन्याच्या पायरीवर टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू केला, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्यात पोटरीच्या खोलवरच्या स्नायूवर अधिक भार येतो आणि धावताना त्यालाच सर्वाधिक राबावे लागते.

बेरीज ३० च्या पुढे गेली तेव्हा नडग्या ठणकू लागल्या. दुखणे नडगीच्या आतील कडेला लांबवर पसरलेले होते आणि शरीर तापल्यावर कमी होई, म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने बेरीज तिथेच रोखली आणि एका रनऐवजी सायकल चालवली. हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल किंवा रात्रीही थांबत नसेल, तर मात्र धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे, असे त्यांनी बजावले होते. स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला बारीक चीर पडल्याची, शंका तिथे येते. ठणका ओसरल्यावर वाढ पुन्हा सुरू झाली, आणि दर चौथ्या आठवड्याला बेरीज थोडी उतरवणे मला मानवले.

आता ४० किलोमीटर नेहमीचे झाले आहेत. वेगाचे रन नुकतेच सुरू केले असून तोवर बेरीज वाढवलेली नाही, कारण वेग आणि अंतर एकाच वेळी वाढवले, तर उद्या दुखले तरी ते कशामुळे, हे कळणार नाही.