एका वेळी एकच मूल

मॉन्टेसरी वर्गात प्रत्येक मुलाला वेगळं शिकवायचं म्हटलं की पहिली शंका ठरलेली असते: तीस मुलं, एक ताई, मग प्रत्येकाजवळ बसणार कधी? हिशेब मांडून बघा. कामाची वेळ सलग तीन तासांची. एक पाठ पाच ते दहा मिनिटांचा. निरीक्षण आणि नोंदी धरूनही सकाळभरात दहा पाठ होतात, म्हणजे तीन दिवसांत तीसही मुलांची एक फेरी पुरी. बाकीचा वेळ मूल साहित्याबरोबर असतं. हा हिशेब फसतो तो बहुतेकदा एकाच कारणानं: पाठ संपला तरी ताई उठत नाही.

सिलिंडर ब्लॉकचंच घ्या. लाकडी ठोकळा, त्यात दहा भोकं आणि मूठ असलेले दहा दट्टे. असे चार ठोकळे असतात. सुरुवातीला उंची सारखी आणि फक्त जाडी बदलणारा ठोकळा द्यावा असं माझं ठाम मत आहे. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला, तर शेवटी हातात जाड दट्ट्या उरतो आणि समोर बारीक भोक. चूक कुणी दाखवावी लागत नाही. फक्त उंची बदलणाऱ्या ठोकळ्यात मात्र कुठलाही दट्ट्या कुठल्याही भोकात जातो. एखादा वर डोकावतो, एखादा आत बुडतो, पण सगळे जातात, आणि तीन वर्षांच्या मुलाला ते खटकेलच असं नाही.

ताई उजव्या हातानं काम करत असेल तर तिनं मुलाच्या उजवीकडे बसावं, म्हणजे तिच्या हातानं साहित्य झाकलं जात नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी मूठ धरायची (पुढं पेन्सिल धरायची ती याच बोटांनी), दट्टे एकेक करून काढायचे, समोर मिसळून ठेवायचे आणि सावकाश परत बसवायचे. हे करताना बोलायचं नाही. आपण बोललो की मूल आपल्या तोंडाकडे बघतं आणि हाताची हालचाल निसटते.

मग साहित्य मुलाकडे द्यायचं आणि उठायचं. ‘शाब्बास’सुद्धा नको. रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत 1907 साली सुरू झालेल्या ‘बालगृह’ या लहान मुलांच्या शाळेत, ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी सुमारे तीन वर्षांची एक मुलगी याच दट्ट्यांबरोबर पाहिली. भोवती मुलं गात होती, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिनं चाळीसहून अधिक वेळा तेच काम केलं, आणि थांबली ती आपणहून. कौतुकाच्या एका शब्दानं अशी तंद्री मोडते.

नावं शिकवताना मात्र बोलावं लागतं, आणि तिथं तीन टप्प्यांचा पाठ असतो. तो मुळात एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचा. सँडपेपरची अक्षरं घेऊ, म्हणजे पाटीवर चिकटवलेली, बोटाला खरखरीत लागणारी अक्षरं. एका वेळी दोन किंवा तीन, आणि दिसायला, ऐकायला एकमेकांपासून लांबची: स, ट, ग चालतील. घ आणि ध, किंवा भ आणि म एकत्र कधीच नकोत. पहिला टप्पा: तर्जनी आणि मधल्या बोटानं, लिहितो त्याच दिशेनं अक्षर हलकेच गिरवायचं आणि म्हणायचं, ‘स’. बस्स. ‘ससा’, ‘साप’ अशा शब्दांतला पहिला आवाज ओळखायचे खेळ त्याआधी होऊन गेलेले असावेत.

दुसरा टप्पा सगळ्यात लांब, आणि घाई नेमकी इथंच होते. ‘ट माझ्या हातावर ठेव.’ ‘ग गिरवून दाखव.’ ‘स खिडकीपाशी ठेवून ये.’ अक्षरांच्या जागा बदलत हे आठ-दहा वेळा तरी व्हायला हवं. तिसऱ्या टप्प्यात एका अक्षरावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारायचं, आणि दुसऱ्या टप्प्यात सगळ्यात शेवटी आलेलं अक्षर आधी विचारायचं, कारण ते ताजं असतं. दुसऱ्या टप्प्यात मूल चुकलं तर ‘नाही’ म्हणू नये. ‘हा ग’ एवढंच म्हणून पहिल्या टप्प्यावर यावं, किंवा पाठ हसतमुखानं आवरावा. तिसरा टप्पा त्याच दिवशी झालाच पाहिजे असं नाही. चुकीवर बोट ठेवलं की मूल त्या फडताळाकडे फिरकेनासं होतं. एक अक्षर चार दिवस उशिरा आलं तरी चालेल, पण मूल असं दुरावलेलं चालणार नाही.

नोंदीसाठी त्रिकोणाची खूण सोपी पडते: पाठ दिला की एक बाजू, मूल आपणहून सराव करू लागलं की दुसरी, सहज जमलं की तिसरी. शेजारी तारीख. एकाच बाजूवर अडकलेले त्रिकोण दर आठवड्याला बघावेत. पाठ लवकर दिला गेला होता, असं बऱ्याचदा निघतं. मग आधीच्या साहित्याकडे जायचं, तोच पाठ रेटायचा नाही.

सकाळी तास-सव्वा तासानं वर्गात गलबला होतो. मुलं उठतात, भटकतात, हलकंफुलकं काम घेतात. नवी ताई हमखास घाबरते आणि सगळ्यांना गोल करून गाणी सुरू करते. तसं केलं की उरलेली सकाळ गेली. ही खरी थकावट नव्हे. कुणी कुणाला त्रास देत असेल तर तेवढं थांबवावं, बाकी वही घेऊन बसून राहावं. थोड्या वेळात मुलं एकेक करून चटईवर परततात, आणि त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम उचलतात ते तेव्हाच.