नववी चिठ्ठी फुटली

मागच्या खेपेला लिहिलं होतं की माझ्या रहस्यकथेची बारा प्रकरणं हातावेगळी झाली, आता फक्त उलगडा राहिलाय. ते मागे घेतो. रविवारी माझ्या पहिल्या वाचकाचा फोन आला आणि माझ्या नायकाला, दत्ताला, येणाऱ्या निनावी चिठ्ठ्या कोण लिहितंय ते त्यानं नवव्या प्रकरणावरूनच सांगितलं. "बाई आहे. आणि दत्ताच्या गल्लीतल्या एकाच बाईचं नाव तू दोनदा गरज नसताना घेतलंस."

खर्डा उघडला. नवव्या चिठ्ठीत सातवी ओळ: "अंधार पडेपर्यंत मी बुरुजापाशी थांबले होते." चार महिने जपलेलं गुपित एका कान्यासाठी गेलं. सहा वेळा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं, कारण माझ्या कानात तिचाच आवाज होता.

काना घालून "थांबलो" केलं असतं तर पाच सेकंदांत काम झालं असतं. पण ते मला पटत नाही. चकवा द्यावा, खोटं लिहू नये. शेवटी वाचक मागची पानं उलटून बघतो, तेव्हा प्रत्येक ओळ खरी निघाली पाहिजे. रहस्यकथेत एवढा एकच नियम मी मानतो.

मग अकराही चिठ्ठ्या पुन्हा लिहायला घेतल्या, आणि मराठी किती चोंबडी आहे ते कळलं. येतो-येते, आलो-आले, होतो-होते, विसरलो-विसरले. मी म्हणून तोंड उघडलं की पुरुष की बाई ते बाहेर. तीन रात्री नुसत्या वाटा शोधण्यात गेल्या. सापडल्या त्या सांगतो, निनावी पत्रं लिहिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील.

भूतकाळात कर्म असलेलं क्रियापद घ्यायचं: "मी तुम्हाला पाहिलं", "मी कडी लावली". क्रियापद कर्मामागे जातं, लिहिणारा लपतो. भविष्यकाळ बिनधोक: "पुन्हा येईन", "सांगेन". "येणार", "जाणार" हीसुद्धा निर्धास्त. "मला झोप लागत नाही" चालतं. "मी येत आहे" चालतं, पण सरकारी परिपत्रकासारखं वाटतं; बोलण्यातलं "येतोय-येतेय" लगेच चुगली करतं. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे नकार. "मी येते" मध्ये बाई दिसते, "मी येत नाही" मध्ये कुणीच दिसत नाही!

त्यामुळे चिठ्ठ्या नकारांनी भरल्या. तिसरी आता अशी आहे: "मला झोप लागत नाही. मी कुणाला सांगत नाही. मी दोघांना पाण्याकडे जाताना पाहिलं. पुन्हा पाहीन." आधीच्या खर्ड्यात इथं चौदा ओळींची धमकी होती. या चार वाक्यांनी माझ्याच अंगावर काटा आला. रात्री दोन वाजता लाँगबुक मिटवून गच्चीत जाऊन उभा राहिलो, इतका आनंद झाला होता.

हे काम फोनवर करू नका. माझ्या फोनचा कीबोर्ड "मी" दिसला की "आलो", "गेलो" पुढे करतो आणि बोट त्यावर पडतं. टंकायला लिबरऑफिस उत्तम, पण चिठ्ठ्या मी पेन्सिलीनं, रेघी कागदावरच लिहितो. खोडलेलं दिसत राहतं, त्याचा उपयोग होतो.

खरी गोष्ट चौथ्या रात्री घडली. सहाव्या प्रकरणातला आई-दत्ता प्रसंग सहज वाचत होतो, दीड वर्षापूर्वी लिहिलेला. आई विचारते, "कुणी आहे का रे मनात?" "आहे." "काय करते?" "किल्ल्यावर माहिती सांगायचं काम." "कुठली?" "नळदुर्गचीच माणसं." "घरी कधी आणतोस?" "येणार आहे." दत्ता एकदाही "ती" म्हणत नाही आणि "तो" म्हणण्याची त्याची हिंमत नाही. आईशी खोटं न बोलता तो बाई की पुरुष ते सांगणारी क्रियापदंच गाळतोय.

चिठ्ठ्यांसाठी मी जे व्याकरण तीन रात्री घासून काढलं, ते माझ्या नायकाला आधीपासून येत होतं. मलाही येत होतं. लातूरच्या घरात वीस वर्षं मी असाच बोललो; त्या प्रसंगातलं एकही उत्तर मला सुचवावं लागलं नव्हतं.

म्हणजे चिठ्ठ्यांमागचं माणूस दत्तानंच ओळखायचं. त्याच्या प्रियकरानं, सुहासनं नाही, पोलिसांनी तर नाहीच. दत्ता अकरा कागद शेजारी मांडतो आणि त्याला कळतं, असं बोलण्याची सवय धमकावणाऱ्याला नसते, लपून जगणाऱ्याला असते. मग ती बाई कोण? हे लिहितानाच सुचतंय: तिच्याही आयुष्यात कुणीतरी "येणार" होती. त्या चिठ्ठ्या धमक्या नाहीत, सावध करायला लिहिल्यात. आणि "थांबले होते" ही ओळ ठेवायची! नवव्या चिठ्ठीतून काढून अकराव्या, शेवटच्या चिठ्ठीत घालायची, आणि ती तिनं जाणूनबुजून लिहिलेली असायची. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच ती कागदावर बाई म्हणून उभी राहते, तेही दत्तासमोर.

याची किंमत आहे. माझा खलनायकच गेला. शिवाय काळाची बाजू आहेच: कथा जुलै ते सप्टेंबर २०१८ मधली, ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल येतो आणि समलिंगी संबंध गुन्हा राहत नाहीत. निकालाआधी धमकीला कायद्याची धार आहे, नंतर फक्त घराची भीती उरते, आणि ती मला जास्त खरी वाटते. म्हणून उलगडा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठेवतोय.

जागा बदलत नाही. नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला. बंधारा भरून वाहतो तेव्हा नर-मादी धबधबे समोरून कोसळतात आणि आतली दालनं कोरडी राहतात. दत्ता आणि सुहासला भेटायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. पण २०१८ मराठवाड्यात दुष्काळाचं वर्ष, त्यात कोसळता धबधबा दाखवायला मन धजत नाही. तेव्हा महालातली भेट पाण्याच्या आवाजाविना लिहायची. दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येईल, आणि वरून चालणाऱ्याची पावलंही.

ती पावलं आता दत्ताच्या मेव्हण्याची. बाराव्या प्रकरणात तिसरी चिठ्ठी त्याच्या हाती लागते. तो ती धमकी म्हणूनच वाचणार, लिहिणारा पुरुष आहे असंच धरून चालणार, आणि गल्लीतल्या चुकीच्या माणसाच्या दारात जाणार. ते दार कुणाचं, यावर आज रात्री बसतोय. पेन्सिलीला टोक केलंय.