पूर्वेची काच

ऐरोलीच्या एका आयटी पार्कात मी हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. नऊ मजली बिल्डिंग, चारही बाजूंनी काच. ती पुसून घ्यायचं काम माझ्याकडे, आणि ते मी चोख करून घेतो याचा मला गेल्या ऑक्टोबरपर्यंत मोठा अभिमान होता.

त्या दिवशी परदेशातले क्लायंट येणार होते. पूर्वेची काच आरशासारखी दिसली पाहिजे, असा साहेबांचा मेसेज. दोरीवर लटकणाऱ्या पोरांनी आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत ती घासली. सकाळी साडेसहाला मी गेटवर पोहोचलो, तर काचेत अख्खा पारसिकचा डोंगर उतरलेला. समोरची सोनमोहराची रांग, वरचं आभाळ, फांदी न् फांदी मोजून घ्यावी. मी फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांचा अंगठा आला.

दहा मिनिटांत मावशी धावत आल्या. "दादा, पाखरं पडल्यात. दोन. एक गेलं, एक धुगधुगतंय."

आमच्याकडे मेलेलं पाखरू म्हणजे सुपली, काळी पिशवी आणि लॉगबुकात एक ओळ. बहुतेक कबुतरंच असतात, असं मी धरून चाललो होतो. हे कबूतर नव्हतं. आखूड शेपटी, हिरवी पाठ, खांद्यावर चमकणारा निळा ठिपका, डोळ्यावरून काजळाचं बोट ओढावं तशी जाड काळी पट्टी. आणि शेपटीखाली शेंदूर. देवाला लावतो तसलाच. मेलेला उचलला तर अजून कोमट होता, मान मात्र माझ्या बोटावरून कलंडली. वजन एका अंड्याएवढं असेल, जास्त नाही.

दुसरा डोळे मिटून, चोच उघडी टाकून भिंतीला टेकला होता. मावशी ओंजळीत पाणी घेऊन निघाल्या. तेवढ्यात नाइट शिफ्ट सुटलेला एक इंजिनिअर मुलगा बॅग टाकून खाली बसला.

"मावशी, पाणी नका पाजू. श्वासात जाईल त्याच्या. एखादं खोकं आहे का?"

प्रिंटरच्या कागदाचं खोकं होतं, झाकणवालं. पेनने भोकं पाडली, खाली जुना डस्टर अंथरला, पक्षी आत ठेवला आणि खोकं स्टोअरमध्ये अंधारात. शेजारी व्हॅक्यूम चालू होता, तो बंद करायला लावला.

तो मुलगा सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांतला निघाला. म्हणाला, हा नवरंग. पावसाळ्यात इकडे घरटं करायला येतो. जूनमध्ये पहाटे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पाऊस सरला की दक्षिणेकडे निघतो, पार श्रीलंकेपर्यंत. प्रवास रात्रीचा. दिव्यांच्या उजेडाने भरकटतो, पहाटे थकून खाली उतरतो आणि झाड दिसलं की तिकडे झेपावतो.

"तुमच्या काचेत झाडं दिसतात ना, दादा."

त्याने ते सहज म्हटलं. मला झोंबलं. रात्रीच्या साफसफाईसाठी खालच्या मजल्यांचे दिवे चालू ठेवायला सांगणारा मीच, आणि झाडं काचेत आणून लावणाराही मीच.

नवी मुंबईत पुलाखाली, चौकात, भिंतींवर जिकडेतिकडे फ्लेमिंगो रंगवलेत. ठाण्याची खाडी २०१५ साली फ्लेमिंगोंचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, सगळं चांगलंच. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच होतं. काचेखाली पडलेल्याची बातमी माझ्या लॉगबुकात. दुपारी मी मागची पानं चाळली. 'डेड बर्ड १', 'डेड बर्ड १', 'डेड बर्ड २'. जवळपास सगळी पूर्व बाजू, आणि निम्म्याहून जास्त नोंदी सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या. अक्षर माझंच.

क्लायंट आले, जेवले, गेले. साहेब म्हणाले, ग्लास एकदम सुपर.

मुलगा घरी न जाता कँटीनमध्येच थांबला होता. वनखात्याच्या १९२६ नंबरवर त्याने कळवलं होतं आणि ओळखीच्या पक्षीमित्रांनाही विचारलं होतं. सावरला तर उजेड असतानाच जवळच्या झाडीत सोडा, असं त्यांचं म्हणणं. पाच वाजता खोक्यातून खुडखुड ऐकू आली. मागच्या कुंपणाजवळ, काचेपासून लांब, झाडांखाली पाचोळा साचतो. (तो रोज उचलत नाही म्हणून मी दोनदा बोलणी खाल्लीत.) तिथे खोकं आडवं करून झाकण काढलं. बराच वेळ काही नाही. मग तो उड्या मारत बाहेर आला, थांबला, चोचीने एक पान उलटलं, त्याच्याखाली पाहिलं आणि झुडपात दिसेनासा झाला. खोक्यात दोन पांढरे ठिपके राहिले.

"एकच पान पलटलंन," मावशी म्हणाल्या. "आमच्या पोरांपेक्षा बरा."

काचेवर ससाण्याचा एखादा स्टिकर लावून भागत नाही, असं त्या मुलाने बजावलं होतं. रेघा हव्यात, बाहेरच्या बाजूने, दोन-दोन इंचांवर. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या साबणाची वडी घेऊन मी आणि मावशींनी पूर्वेच्या कोपऱ्यावर, जिकडे पाहुणे फिरकत नाहीत, तिथे हात पोहोचेल तितक्या उभ्या रेघा ओढल्या. वरच्या भागासाठी शिडी लागली. तासाभरात साहेब हजर.

"हे काय लावलंय?"

"क्षाराच्या पाण्याचे डाग आहेत, सर. जात नाहीयेत. केमिकल मागवलंय."

ते केमिकल अजून आलेलं नाही. परतीच्या पावसाची सर येऊन गेली की रेघा धुऊन निघतात. मग मावशी कपाटातून वडी काढतात, आणि मी शिडी धरतो.