तुम्ही विचारलेत म्हणून: न्यूसम यांच्या बाजूने की विरोधात?

"ताई, तुम्ही फार्मासिस्ट आहात म्हणून विचारतो," अशी सुरुवात झाली की पुढचा प्रश्न मला पाठ आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत आपले कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम नक्की कोणत्या बाजूचे आहेत, आणि २०२१ च्या रिकॉलमध्ये, म्हणजे त्यांना परत बोलावण्यासाठीच्या मतदानात, त्यांना पदावर ठेवण्यासाठी मत देणारी मी कधी त्यांचा बचाव आणि कधी त्यांच्यावर टीका का करते? गणपतीच्या आरतीनंतर, मुलांच्या ग्रॅज्युएशनच्या जेवणात, पुण्याहून येणाऱ्या फोनवरही हे विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असते. मी त्याच्या बाजूची आहे की नाही एवढेच त्याला ठरवून टाकायचे असते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गांजाचा विषय आधी हातावेगळा करते, कारण तुम्हाला तो सर्वांत मोठा वाटतो आणि मला सर्वांत लहान. २०१६ च्या प्रॉप ६४ चे, म्हणजे गांजा कायदेशीर करण्याच्या मतदारांपुढील प्रस्तावाचे, सर्वांत ठळक समर्थक न्यूसम होते, तेव्हा ते लेफ्टनंट गव्हर्नर होते, आणि सुमारे ५७ टक्के मतदारांनी तो प्रस्ताव मान्य केला. त्यात मीही होते. त्यामागे कोणतेही उदात्त तत्त्व नव्हते. जे सर्रास विकले जात आहे ते परवान्याने, तपासून, कर लावून आणि एकवीस वर्षांखालील कोणाला न देता विकले जावे, एवढाच हिशेब होता. तो हिशेबही धड जमलेला नाही. परवानाधारक दुकाने बेकायदा विक्रेत्यांपुढे टिकत नाहीत, म्हणून जुलै २०२५ मध्ये १९ टक्क्यांवर गेलेला अबकारी कर ऑक्टोबरपासून पुन्हा १५ टक्क्यांवर आणणाऱ्या कायद्यावर याच गव्हर्नरांनी सही केली. "त्यांनी मुलांना गांजा मोकळा करून दिला" असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच प्रशासनाने हेम्पपासून (गांजाच्याच जातीच्या वनस्पतीपासून) बनवलेल्या नशेच्या पदार्थांवर आणलेली बंदीही पाहावी. (जाता जाता, ज्यांची नागरिकत्वाची फाइल अजून चालू आहे त्यांच्यासाठी: राज्याने परवानगी दिली तरी केंद्रीय कायद्यात गांजा निषिद्धच आहे, आणि अर्ज तपासणारे अधिकारी केंद्राचे असतात.)

माझा प्रश्न फेंटानिलचा, अफूच्या गटातल्या त्या अतितीव्र कृत्रिम वेदनाशामकाचा आहे. त्यासाठी मला एक घटना सांगावी लागेल, जी तुमच्यापैकी काहींना वेगळ्या रूपात माहीत आहे. त्या मुलाच्या आईने मला ती लिहिण्याची परवानगी दिली आहे. नावे आणि गाव सोडून.

२०२२ चा उन्हाळा होता. माझ्या मैत्रिणीचा मुलगा कॉलेजमधून सुटीला घरी आला होता. हुशार, थोडा अबोल. पोळी-भाजी टाळून सीरियल खाणारा. एका सकाळी तिचा फोन आला: "तो उठत नाहीये, तू ये." तू ९११ ला फोन करण्याऐवजी मला का केलास, असे मी तिला आजवर विचारलेले नाही, मी तिला तो करायला सांगितले आणि कामावर जाण्यासाठी भरलेली पिशवी तशीच घेऊन पळाले. आमची घरे जवळ आहेत. पिशवीत नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे होता, कारण मी तो रोज लोकांना देते आणि कसा वापरायचा ते समजावून सांगते. मी तो मारला, श्वास देत राहिले, दुसराही मारला. ओठांचा रंग पाहताच मला कळले होते. तरी अँब्युलन्स येईपर्यंत मी थांबले नाही, कारण त्याची आई दारात उभी होती. त्याच्या टेबलावर निळ्या रंगाची एक अर्धी गोळी होती, ऑक्सिकोडोन या वेदनाशामकासारखी छापलेली. आमच्या दुकानातून अशा गोळ्या मी मोजून दिल्या आहेत. ही मात्र कोणत्याही फार्मसीतून आलेली नव्हती. फेंटानिल श्वासाची गती मंदावत नेते आणि माणूस झोपल्यासारखा दिसतो. रात्री बारानंतर त्याच्या खोलीतला दिवा चालू होता, हे तिने पाहिले होते आणि तो अभ्यास करतो आहे म्हणून दार ठोठावले नव्हते.

नॅलोक्सोन हे उत्तम औषध आहे. ते फेंटानिलला मेंदूतल्या ग्राहींवरून (रिसेप्टर्सवरून) हुसकावून लावते आणि बहुतेक वेळा श्वास परत येतो. परंतु बेशुद्ध पडलेला माणूस ते स्वतःला देऊ शकत नाही. शेजारी कोणीतरी लागते, आणि तेही काही मिनिटांच्या आत.

घरच्यांनी "हृदयविकार" असे सांगितले. शोकसभेत मीही तेच सांगितले, आणि तो निर्णय त्यांचा होता म्हणून आजही पुन्हा तसेच सांगेन. मात्र त्या सभेत माझ्याशेजारी बसलेले एक गृहस्थ पुढच्याच दिवाळीत मला म्हणाले की सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागातल्या त्या गर्दुल्ल्यांना मरू द्यावे, त्यांच्यावर आपला कर कशाला खर्च करायचा. मी ताट ठेवून उठले. त्यांना ते उद्धटपणाचे वाटले, असे नंतर कानावर आले.

२०२२ च्याच ऑगस्टच्या २२ तारखेला न्यूसम यांनी एसबी ५७ या विधेयकावर नकाराधिकार वापरला. सेनेटर स्कॉट वीनर यांचे हे विधेयक सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि लॉस एंजेलिस येथे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली नशा करता येईल अशी केंद्रे प्रायोगिक स्वरूपात उघडू देणार होते. २०१८ मध्ये उमेदवार असताना हेच न्यूसम अशा प्रयोगाला अनुकूल होते. नकार देताना त्यांनी कारण दिले की स्थानिक नेतृत्व आणि पक्का आराखडा यांशिवाय कितीही केंद्रे निघू शकतील आणि परिणाम उलटे होतील.

तुम्ही म्हणाल, त्या विधेयकाने तो मुलगा वाचला नसता. नसताच. उपनगरातल्या आपल्या खोलीत झोपलेला मुलगा कोणत्याही केंद्रात गेला नसता. मी स्वतःशी हा वाद अनेकदा घातला आहे, आणि माझ्यातली जी बाई कोष्टकात आकडे बसवते ती न्यूसम यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही असे मानते; वाईट चाललेले एक केंद्र ही कल्पना दहा वर्षे मागे नेऊ शकते. परंतु दुसरी बाई विचारते की ज्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेंडरलॉइन सेंटर या मदत केंद्रात, कायद्याची पूर्ण परवानगी नसतानाही, तीनशेहून अधिक ओव्हरडोस उलटवले गेले, त्याच वर्षी "आराखडा आणा" म्हणणाऱ्याने तो आराखडा करून घेण्यासाठी नंतर किती जोर लावला? व्यसनी माणसाच्या शेजारी कोणी बसावे, हे सरकारने मान्य करायचे होते. ते झाले नाही. त्या दोघींत मी निवाडा करू शकलेले नाही.

आणि लगेच त्यांचा बचावही करते, कारण न केल्यास ते खोटे ठरेल. त्याच वर्षी सरकारी कॉलेजांच्या आवारात नॅलोक्सोन उपलब्ध ठेवण्याच्या कायद्यावर त्यांनी सही केली. कॅलआरएक्स या राज्याच्या स्वस्त औषधांच्या योजनेतून नॅलोक्सोनच्या दोन मात्रांचा डबा २४ डॉलरला मिळू लागला, जेव्हा नामांकित ब्रँडचा डबा ४५ च्या आसपास होता. काउंटरवर हा फरक काय करतो ते मी पाहते. २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हायवे पॅट्रोलचे पोलीस आणि नॅशनल गार्ड आणले, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण विक्रेत्यांना पकडू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते.

मग २०२४ चा प्रॉप ३६ आला. फेंटानिल विकणाऱ्यांना अधिक शिक्षा, त्यांच्या मालाने कोणी मेले तर खुनाचा आरोप होऊ शकतो अशी न्यायालयाची ताकीद, आणि वारंवार पकडल्या जाणाऱ्यांना उपचार किंवा तुरुंग. न्यूसम विरोधात होते, कारण उपचारांना पैसा आणि जागा कोठे आहेत, असे ते विचारत होते. प्रस्ताव सुमारे ६८ टक्क्यांनी मंजूर झाल्यावर त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद नव्हती, ती विधिमंडळाशी झालेल्या तडजोडीत आली. मी विरोधात मत दिले. माझ्या मैत्रिणीने बाजूने दिले. ती म्हणाली, "तो विकणारा अजून कोठेतरी विकतो आहे, आणि तू माझ्याविरुद्ध त्या गव्हर्नरच्या बाजूला उभी आहेस." मी तिला उपचारांच्या खाटांबद्दल सांगू लागले, आणि मध्येच थांबले. पुढच्या आठवड्यात तिने मला फोन करून विचारले की तो स्प्रे किती दिवस टिकतो, तिला गाडीत एक ठेवायचा आहे. मी सांगितले की तारीख डब्यावर असते आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हात गाडीत ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव. प्रॉप ३६ वरचा आमचा वाद अजून चालू आहे.