चार बेवारस फायली

महिनाअखेरचा शुक्रवार, संध्याकाळचे सात वाजत आलेले. गोदामाच्या बिलिंग सर्व्हरवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट करायला आमच्या नव्या पोराला बसवलं होतं. मी डबा उघडतोय तोच हाक आली, "सर, हे अर्ध्यात अडकलंय. रिबूट मारून बघू का?"

"कशाला हात लावू नकोस!"

जागा शिल्लक नाही, असं स्क्रीनवर आलं होतं. उबुंटू लिनक्स २०.०४, बूटचं पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा कप्पा) वेगळं, जेमतेम ४८८ एमबीचं. ते आखलं होतं मीच, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नव्हतं. खालच्या ओळीत त्याने कमांड टाइप करून ठेवलेली: आरएम, म्हणजे पुसून टाक, पुढे इनिटआरडी.इमेज-५.४ आणि शेवटी स्टार, म्हणजे या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्याच. एंटर तेवढा बाकी.

"जुन्या काढतोय, सर."

"आधी यूनेम -आर मार, कुठला कर्नल चालू आहे बघ."

चालू कर्नलही ५.४चाच. म्हणजे त्या स्टारमध्ये त्याचीही इनिटआरडी गेली असती. लगेच काही कळलं नसतं, कारण इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल, लागते ती मशीन उठताना. पण आमच्या रेड कार्डाचा (RAID, डिस्का जोडणारं कार्ड) ड्रायव्हर तिच्यातच असतो. पुढच्या रिबूटला डिस्कच दिसली नसती आणि कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन उठलंच नसतं. पोरगं एकदम गप्प.

नको असलेली जुनी पॅकेजं काढणारं ऑटोरिमूव्ह चालवलं. काढण्यासारखं काही नाही म्हणालं आणि पुन्हा तिथेच आपटलं. दोन कर्नलचे मिळून दोनशे एमबीसुद्धा होत नाहीत, मग बाकीची जागा खाल्ली कोणी? फायलींची यादी दाखवणारं एलएस -एलएच मारलं तेव्हा चोर सापडले. कर्नल ४.१५च्या, म्हणजे आधीच्या उबुंटू १८.०४च्या जमान्यातल्या चार इनिटआरडी, प्रत्येकी साठेक एमबीच्या, शेपटीला 'ओल्ड-डीकेएमएस'. रेड कार्डाचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून येतो; ते प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधतं. तो बांधला गेला की इनिटआरडी नव्याने बनते आणि आधीची या नावाने बाजूला ठेवली जाते. पुढे कर्नल काढला की पॅकेज आपल्या फायली घेऊन जातं, ही कॉपी मात्र तिथेच राहते. फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणाऱ्या डीपीकेजी -एसला विचारलं, तर त्या कुठल्याच पॅकेजच्या नाहीत. मशीन सुरू करणाऱ्या ग्रबचा मेनू व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलच्या फायली बघून बनतो, म्हणून तिथेही त्या कधी दिसल्या नाहीत. इतकी वर्षं फुकटचं भाडं!

पुसल्या नाहीत. रूट युजरच्या फोल्डरात हलवल्या, तिथे जागा भरपूर. मग डीपीकेजीला राहिलेलं काम पुरं करायला लावलं. या वेळी इनिटआरडी बनली, ग्रबही अपडेट झालं. तरी रिबूटआधी एलएसइनिटरामएफएसने नव्या इनिटआरडीत ड्रायव्हर शोधला. होता.

त्या रेड कार्डाला उठायला एरवीही वेळ लागतो, त्या दिवशी तर फारच लागला असं वाटलं. पोरगं सर्व्हरला सतत हाक मारणाऱ्या पिंगच्या खिडकीकडे टक लावून बसलेलं. उत्तर यायला लागलं तेव्हा ते जोरात हसलं आणि मी गार झालेली भाजी खायला घेतली.

"सर, त्या चार फायली आता पुसू का?"

"सोमवारी बघू."

अजून तिथेच आहेत.